गोष्टीतून कोडिंग की कोडिंगमधून गोष्ट? : बालकांसाठीच्या आंतरक्रियात्मक कथाकथनाची चिकित्सा

सारांश :
लहान मुलांना संगणकीय आज्ञावलीची, म्हणजेच कोडिंगची, प्राथमिक ओळख गोष्टीच्या माध्यमातून करून देण्याचे प्रयत्न गेल्या दोन दशकांत जगभर झाले. या प्रयत्नांचे मूल्यमापन बहुधा तंत्रज्ञानाच्या वा शिक्षणशास्त्राच्या अंगाने झाले असून त्यातील 'गोष्ट' मात्र दुर्लक्षित राहिली आहे. प्रस्तुत निबंधात 'हॅलो रुबी' हे पुस्तक आणि 'स्टोरीटेलिंग अ‍ॅलिस' व 'स्क्रॅचज्युनिअर' या दोन संगणकीय प्रणाली यांची साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने चिकित्सा केली आहे, तसेच मराठी लोककथेच्या रचनेशी त्यांचा संबंध तपासला आहे.

बीजशब्द : आंतरक्रियात्मक कथाकथन, कोडिंग, बालशिक्षण, लोककथा, आवर्तन, कथाव्याकरण.

प्रस्तावना :
गोष्टीच्या मिषाने शास्त्र शिकविण्याची परंपरा भारतीय साहित्याला नवी नाही. 'पंचतंत्रा'ची प्रस्तावनाच मुळी राजपुत्रांना नीतिशास्त्र शिकविण्याच्या निमित्ताने सिद्ध झालेली आहे. विष्णुशर्म्याचा अभ्यासक्रम काळाच्या ओघात मागे पडला. त्या राजपुत्रांचे पुढे काय झाले हे कोणी विचारीत नाही. करटक आणि दमनक मात्र अजून जिवंत आहेत. शास्त्रासाठी सांगितलेली गोष्ट शास्त्रापेक्षा दीर्घायुषी ठरली, याचे कारण ती गोष्ट म्हणून खरी होती. हा निकष आजच्या एका नव्या शास्त्राच्या बाबतीत लावून पाहण्याची वेळ आली आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे साधारणतः सहावी ते आठवीच्या वर्गांत, कोडिंगशी संबंधित उपक्रमांचा पुरस्कार करण्यात आला आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ या वयोगटासाठी गोष्ट, गाणे आणि खेळ यांना अध्यापनाचे प्रमुख साधन मानले आहे. म्हणजे आपल्या धोरणात गोष्ट आधी येते आणि कोडिंग नंतर. बाजाराने हा क्रम पाळलेला नाही. २०२० च्या सुमारास सहा-सात वर्षांच्या मुलांना कोडिंग शिकविण्याचे आश्वासन देणाऱ्या खासगी शिकवण्यांच्या जाहिरातींनी पालकवर्गात जी घालमेल निर्माण केली, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. अशा परिस्थितीत 'गोष्टीतून कोडिंग' हे सूत्र दोन्ही बाजूंना सोयीचे वाटते. धोरणाला त्यात गोष्ट दिसते, बाजाराला कोडिंग दिसते. ही सोय खरी आहे की केवळ शाब्दिक, हे तपासणे हा या निबंधाचा हेतू होय.

येथे 'आंतरक्रियात्मक' या संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार देण्याची पद्धत होती. हुंकार थांबला की गोष्टही थांबे. ही आंतरक्रियेची पहिली पातळी. अमेरिकेत १९७९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'चूज युवर ओन अ‍ॅडव्हेंचर' या मालिकेतील पुस्तकांत वाचकाला ठिकठिकाणी पर्याय निवडावा लागतो व त्यानुसार कथानक वळते. ही दुसरी पातळी. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मधील 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात अशा संहितांची मीमांसा केली असून, वाचकाला पाने उलटण्यापलीकडचे काही श्रम करावे लागणे हा त्यांचा विशेष मानला आहे. तिसऱ्या पातळीवर मूल स्वतःच गोष्ट रचते आणि ती यंत्राकडून वदवून घेते. श्रोता, निवड करणारा आणि कर्ता अशा या तीन भूमिका आहेत. कोणते साधन मुलाला यांपैकी कोणती भूमिका देते, हा पुढील चिकित्सेतील कळीचा प्रश्न आहे.

कासवापासून मांजरापर्यंत :
मुलांसाठीच्या कोडिंगचा इतिहास १९६७ मध्ये सुरू होतो. त्या वर्षी अमेरिकेतील केंब्रिज येथे वॉली फॉयर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी 'लोगो' ही भाषा विकसित केली. पॅपर्ट हे जिनिव्हा येथे झाँ पियाजे यांच्यासमवेत काम केलेले गणितज्ञ. लोगोतील प्रसिद्ध कासव मुलाने दिलेल्या आज्ञेनुसार पुढे सरके, वळे आणि रेघ ओढी. १९८० मधील 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात पॅपर्ट यांनी मांडलेला विचार असा की, संगणकाने मुलाला शिकवू नये, मुलाने संगणकाला शिकवावे. शिकविण्याच्या या प्रयत्नात मूल आपल्याच विचाराकडे तटस्थपणे पाहू लागते. १९७० च्या दशकाच्या मध्यास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रेडिया पर्लमन यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांना हाताळता येतील अशी आज्ञासाधनेही तयार केली होती.

परंतु लोगोचे कासव भूमितीचे होते. त्याला घर नव्हते, भूक नव्हती, शेजारी नव्हते. त्याच्या चालण्यातून चौकोन उमटे, कथानक उमटत नसे. २००७ मध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने 'स्क्रॅच' ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली, तेव्हा कासवाच्या जागी मांजर आले आणि त्या मांजराला बोलता येऊ लागले. कासव ते मांजर हा प्रवास रेघेपासून पात्रापर्यंतचा आहे. २००६ मध्ये जेनेट विंग यांनी संगणकीय विचारपद्धती ही केवळ संगणकतज्ज्ञांची नव्हे, तर वाचन-लेखन-गणिताप्रमाणे सर्वांची गरज असल्याचे प्रतिपादन केले होते. कोडिंगला साक्षरतेचा दर्जा देणारी ही भूमिका एकदा स्वीकारली, की साक्षरतेचे सर्वांत जुने वाहन, म्हणजे गोष्ट, तिच्या मदतीला बोलावले जाणे क्रमप्राप्तच होते.

'हॅलो रुबी' : चोख शब्दार्थाची नायिका :
फिनलंडच्या लिंडा लिउकास यांनी २०१४ च्या आरंभी लोकवर्गणीच्या एका संकेतस्थळावर बालपुस्तकासाठी १०,००० डॉलर मागितले आणि त्यांना सुमारे ३ लाख ८० हजार डॉलर मिळाले. २०१५ मध्ये 'हॅलो रुबी : अ‍ॅडव्हेंचर्स इन कोडिंग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले व पुढे वीसहून अधिक भाषांत गेले. पूर्वार्धात गोष्ट आणि उत्तरार्धात कृती अशी त्याची रचना आहे. वडिलांनी लपविलेली पाच रत्ने शोधण्यास निघालेली रुबी ही लहान मुलगी, वाटेत भेटणारे पेंग्विन, हिमबिबट्या, कोल्हे आणि यंत्रमानव असे त्याचे कथानक आहे.

या पुस्तकातील सर्वांत यशस्वी जागा आरंभी येते. रुबीला शाळेसाठी कपडे घालायला सांगितले असता ती रात्रीच्या कपड्यांवरच ते चढविते. कारण आधीचे कपडे उतरव असे तिला कोणी सांगितलेलेच नसते. आज्ञेचा चोख शब्दार्थ घेणे हे संगणकाचे लक्षण आहे आणि मोठ्यांच्या बोलण्यातील गृहीते उघडी पाडणे हे खट्याळ मुलाचे लक्षण आहे. लेखिकेने ही दोन लक्षणे एकाच स्वभावात एकत्र आणली आहेत. येथे कोडिंग हे गोष्टीवर चिकटविलेले नाही, ते पात्राच्या स्वभावातून येते. वाचणारे मूल हसते आणि हसता हसता त्याला कळते की, आज्ञा अपुरी होती. मराठी वाचकाला तेनालीराम वा बिरबलाच्या गोष्टींतील शब्दांचा शब्दशः अर्थ घेऊन समोरच्याला पेचात टाकण्याची युक्ती येथे सहज आठवेल.

पुढे मात्र पुस्तकाची ही पकड सैल होते. पेंग्विन, हिमबिबट्या, कोल्हे हे प्राणी संगणकजगतातील प्रणालींच्या आणि न्याहाळकांच्या बोधचिन्हांची व नावांची आठवण करून देतात. रुबी हे नावही एका संगणकीय भाषेचे आहे, आणि साप पाळणारा तिचा मित्र जँगो हाही त्याच कुळातला. या खुणा ओळखणारा वाचक कोण? सहा वर्षांचे मूल नव्हे, त्याला पुस्तक वाचून दाखविणारा संगणकक्षेत्रातील पालक. बालसाहित्यात एकाच वेळी मुलाशी आणि मुलाच्या डोक्यावरून मोठ्यांशी बोलण्याची प्रवृत्ती नेहमी आढळते. ती दोष ठरतेच असे नाही. परंतु जिथे मोठ्यांसाठीच्या खुणा काढून टाकल्यावर पात्रांच्या भेटीला फारसे कारण उरत नाही, तिथे ती दोष ठरते. हिमबिबट्याऐवजी दुसरा कोणताही प्राणी आला असता तरी कथानकात फरक पडला नसता.

आंतरक्रियेच्या दृष्टीने पाहता, या पुस्तकात मूल प्रथम श्रोता असते आणि नंतर कृती करणारे असते. पण त्याच्या कृतीने रुबीचे काहीच बदलत नाही. रत्ने आधीच सापडलेली असतात. गोष्ट संपते आणि मग अभ्यास सुरू होतो, हा अनुभव आपल्या पाठ्यपुस्तकातील धड्याखालच्या स्वाध्यायाहून मूलतः वेगळा नाही. या प्रकाराला 'वेष्टनरूप कथा' असे म्हणता येईल. वेष्टन सुंदर आहे हे मान्य. तथापि मूल वेष्टन उघडून ते बाजूला ठेवते.

'स्टोरीटेलिंग अ‍ॅलिस' : प्रयोजनरूप कथा :
याच्या नेमक्या उलट बाजूचे उदाहरण कार्नेगी मेलन विद्यापीठात घडले. रँडी पॉश यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेल्या 'अ‍ॅलिस' या त्रिमितीय प्रणालीत केटलिन केलेहर यांनी २००६ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या पीएच. डी. च्या संशोधनासाठी बदल केले. मूळ प्रणालीत पात्रे सरकत आणि वळत. केलेहर यांनी त्यांना बोलणे, एकमेकांकडे जाणे, स्पर्श करणे अशा सामाजिक क्रिया दिल्या, गोष्ट सुचेल अशी पात्रे व स्थळे पुरविली आणि मार्गदर्शक पाठही कथेच्या उदाहरणांनी बांधले. कोडिंग हे साध्य न ठेवता गोष्ट करण्याचे साधन ठेवले, हे या प्रणालीचे वैशिष्ट्य.

केलेहर, पॉश आणि सारा किसलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला तुलनात्मक अभ्यास या क्षेत्रात वारंवार उद्धृत होतो. पण त्याचे निष्कर्ष काळजीपूर्वक वाचले पाहिजेत. कथानुकूल प्रणाली वापरणाऱ्या मुलींनी आज्ञावली रचण्यात ४२ टक्के अधिक वेळ घालविला आणि वेळ संपल्यावरही गुपचूप काम पुढे चालू ठेवण्याचे प्रमाण त्यांच्यात तिपटीहून अधिक होते. मात्र कोडिंगच्या मूलभूत संकल्पना शिकण्यात दोन्ही गट सारखेच यशस्वी झाले. म्हणजे गोष्टीमुळे कोडिंग अधिक चांगले 'आले' असे हा अभ्यास सांगत नाही. गोष्टीमुळे कोडिंग अधिक 'हवेसे' झाले एवढेच तो सांगतो. शिवाय त्यातील मुली माध्यमिक शाळेच्या वयाच्या होत्या. पाच-सहा वर्षांच्या बालकांविषयी त्यावरून अनुमान काढणे युक्त नाही.

तरीही या अभ्यासातून निघणारा अर्थ कमी महत्त्वाचा नाही. जे मूल कोणी न सांगता अधिक वेळ काम करते, ते गुणांसाठी करीत नसते. गोष्ट अपुरी राहिली म्हणून करीत असते. दोन पात्रांचे भांडण मिटलेले नसताना खेळ बंद कसा करावयाचा? ही ओढ कथेची आहे, आज्ञावलीची नाही. येथे कथा हे वेष्टन नसून प्रयोजन आहे.

'स्क्रॅचज्युनिअर'चे कथाव्याकरण :
पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीची 'स्क्रॅचज्युनिअर' ही विनामूल्य प्रणाली २०१४ मध्ये उपलब्ध झाली. टफ्ट्स विद्यापीठातील मरिना उमाशी बर्स, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मिचेल रेझनिक आणि पॉला बोंटा यांच्या सहकार्यातून ती सिद्ध झाली. येथे आज्ञा शब्दांत नसून चित्रखुणांच्या ठोकळ्यांत असतात आणि ते ठोकळे डावीकडून उजवीकडे जोडावयाचे असतात. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही ती वापरता यावी, हा उद्देश त्यामागे आहे.

समीक्षकाच्या दृष्टीने या ठोकळ्यांकडे कथेचे व्याकरण म्हणून पाहणे उद्बोधक ठरते. पिवळे ठोकळे घटनेचा आरंभ ठरवितात : हिरवा झेंडा दाबला असता, पात्राला बोट लावले असता, एक पात्र दुसऱ्यावर आदळले असता किंवा एखाद्या रंगाचा निरोप आला असता. निळे ठोकळे गती देतात, जांभळे पात्राचे रूप बदलतात व त्याच्या तोंडी वाक्य देतात, हिरवे आवाज देतात, नारिंगी वेग, थांबणे व पुनरावृत्ती ठरवितात, तर लाल ठोकळे शेवट दाखवितात. एका प्रकल्पात जास्तीत जास्त चार पाने करता येतात. चार पाने म्हणजे चार दृश्ये. नाटकाच्या अंकरचनेची शिस्त येथे नकळत येते. एका पात्राने पाठविलेल्या निरोपावरच दुसऱ्याने हलावयाचे, ही व्यवस्था तर नाटकातील संकेतवाक्याचीच आहे. आपले वाक्य केव्हा म्हणावयाचे हे नटाला दुसऱ्याच्या वाक्यावरून कळते, तसे.

आता या व्याकरणात काय नाही ते पाहू. 'जर असे असेल तर तसे' ही अट येथे नाही आणि बदलती किंमत साठविणारे 'चल'ही नाही. लहान वयाचा विचार करून केलेली ही काटछाट समजण्यासारखी आहे. तथापि अट नाही याचा कथाशास्त्रीय अर्थ असा की, येथील पात्राला निर्णय घेता येत नाही. वाघ भेटला की दर वेळी तेच घडणार. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये कथा आणि कथानक यांत केलेला भेद सर्वपरिचित आहे : घटनांचा नुसता कालक्रम म्हणजे कथा आणि त्यांतील कार्यकारणसंबंध म्हणजे कथानक. स्क्रॅचज्युनिअर क्रम उत्तम शिकविते. 'का' हा प्रश्न मात्र त्या ठोकळ्यांच्या बाहेर, मुलाच्या मनात किंवा शिक्षकाच्या प्रश्नात राहतो.

क्रमाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये एलिझाबेथ कझाकॉफ, अमांडा सलिव्हन आणि बर्स यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, यंत्रमानवाला आज्ञा देण्याच्या आठवडाभराच्या कार्यशाळेनंतर लहान मुलांची चित्रकथा योग्य क्रमाने लावण्याची क्षमता वाढल्याचे दिसून आले. कोडिंग आणि कथा यांच्यातील नाते केवळ रूपकात्मक नाही, याचा हा पुरावा आहे. पण विसकटलेली चित्रे क्रमाने लावणे ही कथेची पूर्वतयारी होय, कथा नव्हे. क्रमाने लावलेल्या चित्रांपैकी एखादे मुद्दाम मागेपुढे करून उत्कंठा वाढविणे ही कथनकला. यंत्राच्या दृष्टीने जो क्रमभंग, तो कथेच्या दृष्टीने अलंकार ठरू शकतो. त्यामुळे मुलाच्या प्रकल्पातील प्रत्येक 'चूक' दुरुस्त करण्यापूर्वी ती चूक आहे की कल्पना, हे शिक्षकाने विचारून घेणे अगत्याचे आहे.

मराठी लोककथा आणि आवर्तनाचा प्रश्न :
रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये अद्भुतकथांचे विश्लेषण करून त्यांची रचना ३१ कार्यांच्या ठरावीक क्रमात मांडली. पात्रे बदलतात, कार्ये टिकतात, हे त्यांचे सूत्र. लोककथा कोडिंगला जवळची का वाटते, याचे उत्तर या सूत्रात सापडते. लोककथेत पुनरावृत्ती असते आणि पुनरावृत्ती हा आज्ञावलीचाही प्राण आहे. म्हणून आपल्या मुलांना आवर्तनाची संकल्पना शिकवावयाची तर चिऊ-काऊची गोष्ट हे आयते साधन आहे, असे कोणालाही वाटेल. हे म्हणणे जरा बारकाईने तपासू.

पावसात शेणाचे घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो. तो दर वेळी तीच विनंती करतो. चिमणी मात्र दर वेळी निराळे निमित्त सांगते. बाळाच्या अंघोळीपासून झोपेपर्यंत ही निमित्ते पुढे पुढे सरकत जातात. कावळ्याचे आवर्तन स्थिर आहे, चिमणीचे बदलते आहे. मुलाला या गोष्टीत जो रस वाटतो तो या दोहोंच्या जोडीत आहे. कावळा काय म्हणणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून ते त्याच्याबरोबर म्हणते. चिमणी काय म्हणणार हे त्याला जाणून घ्यावयाचे असते, म्हणून ते ऐकते. स्क्रॅचज्युनिअरचा पुनरावृत्तीचा ठोकळा कावळ्याला पुरतो, चिमणीला पुरत नाही. चिमणीसाठी 'चल' हवा. दर आवर्तनात एक पाऊल पुढे जाणारी ही रचना प्रगत आज्ञावलीत अगदी नेहमीची आहे. बालकांसाठीच्या प्रणालीत मात्र ती वगळलेली आहे.

भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट याहून पुढची आहे. जाताना वाटेत भेटणारे प्राणी आणि येताना भेटणारे प्राणी तेच असतात, परंतु म्हातारी आता दिसत नाही. भेट तीच, परिस्थिती निराळी, म्हणून परिणाम निराळा. संगणकाच्या परिभाषेत ही सरळसरळ अट आहे. 'आदळले असता' हा पिवळा ठोकळा दोन्ही भेटींना एकच उत्तर देईल. चतुर मूल यावर तोड काढू शकते : जाण्याचे एक पान आणि येण्याचे दुसरे पान करावे, म्हणजे एकाच वाघाला दोन पानांवर दोन आज्ञामाला देता येतात. पान बदलले की परिस्थिती बदलली. कथेच्या गरजेपोटी साधनाच्या मर्यादेवर काढलेली ही युक्ती कोणत्याही तयार पाठापेक्षा अधिक मोलाची आहे. कारण अट म्हणजे काय हे मुलाला व्याख्येतून कळलेले नसून, ती नसल्याने झालेल्या अडचणीतून कळलेले आहे.

पंचतंत्रातील गोष्टीत गोष्ट हा प्रकारही असाच. एक पात्र बोलता बोलता दुसरी गोष्ट सुरू करते, ती संपल्यावर पहिली सोडलेल्या जागेवरून पुढे चालते. आज्ञावलीत एका कामाच्या पोटात दुसरे काम बोलावून पुन्हा मूळ जागी परतण्याची जी पद्धत आहे, तिच्याशी ही रचना जुळते. यावरून 'आमच्या पूर्वजांना कोडिंग येत होते' असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो हास्यास्पद होईल. एवढेच म्हणावयाचे आहे की, आवर्तन, अट आणि अंतर्भाव या संकल्पनांचा अनुभव मराठी मूल शाळेत येण्यापूर्वीच गोष्टीतून घेऊन आलेले असते, आणि तो अनुभव बालप्रणालीच्या ठोकळ्यांहून अधिक गुंतागुंतीचा असतो. मुलाला सोपे करून सांगताना आपण कित्येकदा त्याला आधीच येत असलेल्याहून कमी सांगतो.

भाषा, बोली आणि शिक्षक :
बर्स यांनी आपल्या पुढील लेखनात कोडिंगला 'आणखी एक भाषा' मानले असून आज्ञावली रचणे व लेखन करणे या दोन प्रक्रियांतील साम्य अभ्यासक्रमाच्या पायाशी ठेवले आहे. ही भूमिका स्वीकारताना मराठी शिक्षकाने एक प्रश्न विचारला पाहिजे : आणखी एक भाषा, पण पहिली कोणती? स्क्रॅचज्युनिअरमध्ये मुलाला स्वतःचा आवाज मुद्रित करता येतो, स्वतः चित्र काढून पात्र बनविता येते. आज्ञेची खूण शब्दरहित असल्याने गोष्टीची भाषा मुलाची स्वतःची असू शकते. मालवणी, वऱ्हाडी वा अहिराणी बोलणाऱ्या मुलाचा कावळा त्याच बोलीत दार ठोठावू शकतो. पाठ्यपुस्तकाच्या प्रमाणभाषेत ज्या बोलीला जागा मिळत नाही, तिला येथे ध्वनिरूपाने जागा आहे. ही शक्यता या प्रणालीच्या कर्त्यांनी महाराष्ट्रासाठी म्हणून योजलेली नाही. ती उपयोगात आणणे आपल्या हाती आहे.

साधनांच्या अभावाचा मुद्दाही टाळता येणार नाही. ज्या शाळेत एकही टॅबलेट नाही तिथे हा सारा विचार निरर्थक ठरतो काय? तसे वाटत नाही. न्यूझीलंडमधील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून संगणकाविना संगणकशास्त्र शिकविण्याचे खेळ रचले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर परिसरातील वस्तूंतूनच शिक्षणसाधने घडविण्याची दृष्टी दिली. अंगणात खडूने चौकटी आखून, एका मुलाला कावळा करून, बाकीच्यांनी त्याला चिमणीच्या दारापर्यंत नेण्याच्या आज्ञा देणे यास वीजही लागत नाही. कावळा झालेले मूल सांगितले तेवढेच करील, या एका नियमाने क्रम, अचूकता आणि दोषनिवारण या तिन्ही संकल्पना मैदानात उतरतात. मात्र गोष्ट कोणती निवडावी, कोठे थांबावे, कोणता प्रश्न विचारावा, हे ठरविणारा शिक्षक तेथे हवा. बालशिक्षकाच्या प्रशिक्षणात कथाकथनाला नाममात्र स्थान देऊन त्याच्या हाती कोडिंगची पुस्तिका दिली, तर हाती वेष्टनच राहील.

निष्कर्ष :
उपर्युक्त विवेचनावरून गोष्टीतून कोडिंग शिकविणाऱ्या कोणत्याही साहित्याला लावता येईल असा एक साधा दुहेरी निकष मांडता येतो. कोडिंग काढून घेतले असता गोष्ट उभी राहते काय? आणि गोष्ट काढून घेतली असता मुलाला कोडिंग करावेसे वाटते काय? पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल, तर ती गोष्ट नसून जाहिरात आहे. दुसऱ्याचे उत्तर 'होय, तितकेच' असेल, तर तिथे गोष्टीची गरजच नव्हती. 'हॅलो रुबी' ही नायिकेच्या स्वभावापुरती पहिल्या कसोटीस उतरते, प्रवासात मात्र डळमळते. 'स्टोरीटेलिंग अ‍ॅलिस' दुसऱ्या कसोटीस निःसंशय उतरते. तिचे अनुमान बालवयापर्यंत ताणता येत नाही एवढेच. 'स्क्रॅचज्युनिअर' मुलाला कर्त्याची भूमिका देते, हे तिचे श्रेय. तिच्या व्याकरणात क्रम आहे, कारण नाही, ही तिची मर्यादा.

आज्ञा साध्या भाषेत सांगितली असता यंत्रच आज्ञावली लिहून देते, अशा काळात आपण आहोत. त्यामुळे कोडिंगचे ठोकळे पाठ करविण्याचे महत्त्व दिवसेंदिवस कमी होणार, हे उघड आहे. उरणार आहे ते दोन गोष्टींचे सामर्थ्य : आपल्याला काय हवे ते नेमके सांगता येणे आणि मुळात काय हवे ते सुचणे. पहिले सामर्थ्य कोडिंग देऊ शकेल. दुसरे गोष्टीवाचून येत नाही. म्हणून बालशिक्षणात या दोहोंची सांगड घालताना गोष्टीला दुय्यम स्थान देण्याची घाई होऊ नये. मराठीत या विषयावरील साहित्य आता भाषांतरित स्वरूपात येऊ लागेल, तेव्हा त्याचे परीक्षण संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांबरोबर भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांनीही करावे. आपल्या महाविद्यालयांत हे दोन विभाग बहुधा एकाच इमारतीत असतात. त्यांच्यात या निमित्ताने संवाद सुरू झाला, तर पायाभूत स्तरावरील मुलाच्या हाती पडणारे पुस्तक अधिक जबाबदारीने लिहिले जाईल.